एक इटालियन क्रियापद चालवताना

आमच्या भागात पिंपळे तीन आहेत. पिंपळे गुरव, पिंपळे सौदागर आणि पिंपळे निळख. नवखा माणूस रिक्षावाल्याला नुसतेच ‘पिंपळे’ म्हणतो, तेव्हा रिक्षावाला त्याच्याकडे ज्या नजरेने पाहतो, ती नजर मी फक्त आमच्या संस्कृतच्या गुरुजींची पाहिली आहे. मुलाने धातू बरोबर लिहून प्रत्यय कोरा सोडला, की गुरुजी असे पाहायचे. ‘पिंपळे’ हा धातू. गुरव, सौदागर, निळख हे त्याचे प्रत्यय. प्रत्यय चुकला, की लग्नाला निघालेला माणूस भलत्याच घरच्या बारशात पेढा खातो. मी गेली तीस-बत्तीस वर्षे गुरव प्रत्ययात राहतो आहे. सौदागर प्रत्ययातल्या मंडळींना आपण एक इयत्ता पुढे आहोत असे वाटते. वाटू दे बापडे! डायनासोर आमच्याकडे आहेत. त्यांच्याविषयी पुढे येईलच.

हे सारे व्याकरणाच्या भाषेत सांगण्याचे कारण असे, की ज्या वयात माणसाने फार तर हरिपाठ नव्याने पाठ करावा, त्या वयात मी एक इटालियन क्रियापद चालवायला घेतले आहे. ‘चालवणे’ हा शब्द आमच्या शाळेतला. ‘देव शब्द चालव’, ‘गम् धातू चालव’, असे गुरुजी म्हणत. त्या काळी आमच्या घरात चालवायला दुसरे काही नव्हतेच. स्कूटरचा नंबर लागायचा होता.

माझी ओळख थोडक्यात सांगतो. पवनेचा पूल ओलांडून रोज भोसरीला जायचे आणि तिथल्या एका कारखान्याच्या टाइम ऑफिसात बसायचे, हे मी 1983 पासून छत्तीस वर्षे केले. सात वाजून तीन मिनिटांनी आलेल्या माणसाच्या नावापुढे लाल पेन्सिलीने खूण करणे, हे माझे जीवितकार्य. कामगार मला माझ्या पाठीमागे ‘भोंगा’ म्हणत. ‘थांबा!’ हा माझा मुख्य शब्द. थांबा, कार्ड कुठाय? थांबा, गेटपास दाखवा. थांबा, साहेबांची सही आणा. संध्याकाळी घरी आल्यावर शर्ट खुंटीला लागायचा, पण तो शब्द काही खुंटीला लागायचा नाही.

आमची एकुलती एक मुलगी इटलीतल्या तुरीन शहरात असते. 2014 साली ती इंजिनिअरिंगचे पुढले शिकायला तिथे गेली आणि 2017 साली तिने तिथल्याच एका मुलाशी लग्न केले. लग्नाला मी गेलो नाही. मी गेलो नाही म्हणून आमचे कुटुंबही गेले नाही. त्यानंतर ती आली नाही. मधली दोन वर्षे तर करोनानेच सगळ्या जगाला ‘थांबा’ म्हटले. रविवारच्या फोनचे मात्र एक वेळापत्रक ठरून गेले. ही पाऊण तास बोलते आणि मग फोन माझ्या हाती देते. मी विचारतो, “काय, बरी आहेस ना?” पलीकडून येते, “हो. तुम्ही?” मी म्हणतो, “मला काय धाड भरलीय?” झाला माझा फोन! तारेच्या जमान्यातही माणसे याहून जास्त शब्द वापरीत असत.

मग त्या फोनच्या काचेत नात दिसू लागली. दीड-दोन वर्षांची असताना एकदा मला पाहताच तिने बोट रोखले आणि ती ओरडली, “नोन्नो! नोन्नो!” मी मुकाट्याने फोन हिच्या हातात दिला. म्हटले, “पोरीला मी नको वाटतोय. नो नो म्हणतेय.” त्यानंतर तीन रविवार मी त्या काचेसमोर फिरकलो नाही. चौथ्या रविवारी उलगडा झाला, की इटालियनमध्ये नोन्नो म्हणजे आजोबा. पोरगी तीन आठवडे ‘आजोबा आजोबा’ करीत होती आणि आजोबा आतल्या खोलीत रुसून बसले होते.

खरा प्रसंग घडला तो 2024 च्या गणपतीत. नात पाच वर्षांची झाली होती. बोलता बोलता ती एकदम म्हणाली, “आस्पेत्ता, नोन्नो!” मला ऐकू आले, ‘आज पत्ता’. पोरीला आजोबांचा पत्ता हवाय! माझा ऊर भरून आला. मी चष्मा लावला, घसा साफ केला आणि सुरुवात केली, “लिहून घे हं बाळ. सृष्टी चौकातून आत आल्यावर डाव्या हाताला...” चांगला पिनकोडपर्यंत आलो. मग पाहतो तो काचेत नुसती रिकामी खुर्ची! थोड्या वेळाने पोरगी हातात एक चित्र फडकवत धावत आली आणि तिच्या मागून हसण्याचा आवाज आला. आमची मुलगी हसत होती. “बाबा, आस्पेत्ता म्हणजे थांब! ती चित्र आणायला गेली होती!”

थांब! ज्या शब्दावर मी छत्तीस वर्षे पगार घेतला, तो शब्द पाच वर्षांच्या पोरीने मला ऐकवला आणि मी खुर्चीला पत्ता सांगत बसलो. पण खरे सांगायचे, तर माझे लक्ष त्या शब्दाकडे नव्हतेच. मुलीचे असे मोकळे हसणे मी सात वर्षांनी ऐकत होतो. ते पुन्हा ऐकायचे असेल, तर इटालियन भाषेत आणखी काही चुका करायला हव्यात, हे माझ्या लक्षात आले. आणि चुका करायच्या म्हणजे आधी शिकायला हवे.

दुसऱ्याच दिवशी मी पुण्यात अप्पा बळवंत चौकात गेलो. “नातवासाठी का?” दुकानदाराने पुस्तक बांधता बांधता विचारले. “नातीसाठी,” मी म्हणालो. तो खोटे बोलला नाही आणि मीही नाही.

इटालियन क्रियापदांच्या तीन टोळ्या असतात. पहिलीच्या शेवटी ‘आरे’, दुसरीच्या ‘एरे’ आणि तिसरीच्या ‘इरे’. ‘आरे’ची टोळी सर्वांत मोठी आणि बहुतेक सरळमार्गी. आमच्या क्रियापदाचे पाळण्यातले नाव आस्पेत्तारे. पुस्तकात त्याच्यापुढे लिहिले होते, ‘नियमित’. हा शब्द वाचून मला आमचे मस्टरच आठवले. नियमित म्हणजे ज्याच्यावर लाल पेन्सिल चालवावी लागत नाही तो. असणे, जाणे, येणे, देणे, करणे ही इटालियनमधली रोज लागणारी क्रियापदे मात्र सगळी अनियमित निघाली. याचे मला मुळीच आश्चर्य वाटले नाही. कारखान्यातही ज्यांच्यावाचून मशीन अडते, नेमके तेच सात वाजून तीन मिनिटांनी येत.

तर आस्पेत्तारे वर्तमानकाळी असे चालते : आस्पेत्तो, आस्पेत्ती, आस्पेत्ता, आस्पेत्तियामो, आस्पेत्ताते, आस्पेत्तानो. मी, तू, तो; आम्ही, तुम्ही, ते. संस्कृतातले द्विवचन इथे नाही, त्यामुळे तीन रूपांची बचत. शिवाय ‘मी’ म्हणायची गरज नाही. शेवटच्या ‘ओ’मध्येच मी बसलेला असतो, आपल्याकडे ‘जातो’ म्हटले की पुरते तसे. इंग्रज माणसाला दर वाक्यात ‘आय’ म्हणून स्वतःची हजेरी लावावी लागते. मराठी आणि इटालियन माणूस गेटवर ओळखीचा असतो. एक सोय तर आपल्याहून जास्त आहे. आपल्याकडे मी ‘पाहतो’ आणि आमची ही ‘पाहते’. इटालियनमध्ये दोघांचेही आस्पेत्तो. वाट पाहण्यात स्त्री-पुरुष भेद नाही.

पाठांतरासाठी मी पहाटेची वेळ निवडली. आमच्या पिंपळे गुरवात राजमाता जिजाऊ उद्यान आहे. हे नाव पाटीवर असते. लोकांच्या तोंडी ते ‘डायनासोर पार्क’, कारण आत भलेमोठे डायनासोर उभे केलेले आहेत. त्यांच्या पायाशी मी फेऱ्या मारीत ‘आस्पेत्तो, आस्पेत्ती, आस्पेत्ता’ सुरू केले. चौथ्या दिवशी आमच्या ज्येष्ठ मंडळींपैकी एक गृहस्थ जवळ आले.

“कसला मंत्र हो? गुडघ्याचा?”

“नाही, वाट पाहण्याचा.”

“मग मलाही द्या. आमचा मुलगा महिना झाला आला नाही.”

“परदेशात असतो?”

“छे, हिंजवडीत.”

मी त्यांना वर्तमानकाळ दिला. हिंजवडीची रहदारी पाहता त्यांना भविष्यकाळही लागणार होता, पण तो माझा अजून व्हायचा होता.

या क्रियापदाची एक गंमत मला उशिरा कळली. नात म्हणाली ते आस्पेत्ता म्हणजे ‘थांब’. पण पुस्तकात आस्पेत्तारेचा पहिला अर्थ ‘वाट पाहणे’ असा दिला होता. म्हणजे आपण ज्याला दोन शब्द वापरतो, त्याला इटालियन माणूस एकच वापरतो. गेटवर अडवणारा जे क्रियापद वापरतो तेच क्रियापद गॅलरीत उभा राहून रस्त्याकडे पाहणारा वापरतो. मी छत्तीस वर्षे या क्रियापदाचे अर्धेच दुकान चालवले होते! त्याचे मूळ लॅटिनमधल्या ‘पाहणे’ या धातूत आहे आणि तो धातू आपल्या ‘पश्यति’चा दूरचा भाऊ आहे. म्हणजे तिकडेही वाट पाहायचीच असते, डोळ्यांनी.

ही माहिती मी मोठ्या उत्साहाने हिला सांगितली. ती ताक घुसळत होती. “पाहायचीच असते,” ती म्हणाली. “त्यात नवीन काय?”

त्याच संध्याकाळी मी सर्वनामांचा धडा काढला. इटालियनमध्ये ‘तुला’साठी ‘ती’ हा शब्द आहे. ‘ती आस्पेत्तो’ म्हणजे ‘मी तुझी वाट पाहतो आहे’. मी गॅलरीत येरझारा घालत मोठ्याने घोकत होतो, “ती आस्पेत्तो, ती आस्पेत्तो...” आतून भांडे आपटल्याचा आवाज आला.

“ती कोण?”

“अगं, ती म्हणजे तू!”

“मग ‘ती’ कशाला? मी इथंच आहे.”

चाळीस वर्षांच्या संसारात व्याकरणाने आमच्या घरात पहिल्यांदाच संशय निर्माण केला. पण रात्री दिवा मालवल्यावर मला वाटून गेले, की हिचा प्रश्न काही अगदीच चुकीचा नव्हता. ‘ती’ म्हणजे कोण, हे मला आणि हिला दोघांनाही ठाऊक होते.

आता पुढचे जरा अवघड आहे, पण वाचकांनी धीर सोडू नये. क्रियापदाच्या ‘मूड’ला आपल्या व्याकरणात ‘अर्थ’ म्हणतात. मराठीत अर्थ चार : स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ. (आपल्या क्रियापदाचा पहिला अर्थच स्वार्थ आहे, हे शाळेत शिकताना कुणी हसले नाही, याचे मला आता नवल वाटते.) इटालियनमध्ये अर्थ सात. त्यातले तीन आपल्या धातुसाधितांसारखे, उरलेले चार पुरे चालणारे. त्यांच्या पोटात मिळून काळ एकवीस! एकट्या स्वार्थाचे आठ, त्यांतले भूतकाळ पाच.

“वाट पाहायला एकवीस काळ?” ही म्हणाली. “आम्हाला एकच पुरला.”

पाच भूतकाळांपैकी एक मात्र मला पाहताक्षणी ओळखीचा वाटला. आस्पेत्तावो, आस्पेत्तावी, आस्पेत्तावा. हा आपला रीतिभूतकाळ. ‘मी वाट पाहत असे’, ‘तो वाट पाही’. जे एकदा घडून संपले नाही, रोज घडत राहिले, त्याचा हा काळ. पुस्तकातली उदाहरणे मला नकोच होती. माझ्याकडे वडील होते. 1970 साली त्यांनी स्कूटरसाठी नंबर लावला, तेव्हा मी चौथीत होतो. ते दिवस परवान्यांचे. कारखान्याने किती गाड्या काढायच्या हे सरकार ठरवी आणि रांग दहा-दहा वर्षांची होई. वडील त्या नोंदणीची पावती देवघराच्या फळीवर ठेवीत. दर दसऱ्याला ती काढून पाहत. ‘यंदा येईल,’ म्हणत. आस्पेत्तावा! स्कूटर आली तेव्हा मी कॉलेजात होतो आणि वडिलांच्या गुडघ्याला किक मारणे सोसत नव्हते.

आणि स्कूटर म्हणजे तरी मुळात काय? इटालियनच! व्हेस्पा म्हणजे त्यांच्या भाषेत गांधीलमाशी. 1946 साली ती इटलीत जन्मली. 1960 पासून बजाज कंपनी इटालियन परवान्यावर ती इथे बनवू लागली. 1971 साली तो करार संपला आणि पुढल्या वर्षी आकुर्डीतून चेतक निघाली. गांधीलमाशी गेली आणि राणा प्रतापांचा घोडा आला, पण अंगलट तीच. थोडक्यात काय, इटलीतून येणाऱ्या गोष्टीची वर्षानुवर्षे वाट पाहणे हे आमच्या घराण्यात वडिलोपार्जित आहे.

उरलेल्या भूतकाळांतले दोन महत्त्वाचे. एक दूरचा : आस्पेत्ताई. जे घडले, संपले, त्याचा आजशी संबंध उरला नाही, त्याच्यासाठी. दुसरा जवळचा : ओ आस्पेत्तातो. जे घडून गेले पण ज्याचा धागा आजपर्यंत येतो, त्याच्यासाठी. पुस्तकात स्वाध्याय होता : ‘खालील घटना कोणत्या भूतकाळात घालाल?’ रोमचे साम्राज्य कोसळले, दूरचा. मी सकाळी कॉफी प्यायलो, जवळचा. मी त्या यादीखाली पेन्सिलीने स्वतःचे एक वाक्य लिहिले : ‘2017 साली आमचे भांडण झाले.’ लिहिताना ते दूरच्या भूतकाळात घातले. पुढल्या रविवारी मुलीला सहज विचारले, तर ती म्हणाली, “बाबा, तो काळ गोष्टींच्या पुस्तकात ठीक आहे. इकडं उत्तरेत बोलताना कुणी वापरत नाही. आम्ही सगळं जवळच्याच भूतकाळात बोलतो.”

मी घरी जपून ठेवलेले रबर शोधले आणि ते वाक्य खोडले.

भविष्यकाळ सोपा निघाला, कारण तो आपल्यासारखाच अर्धा अंदाजाचा असतो. ‘आठ वाजले असतील’, ‘पोरगी शाळेत असेल’, हे आपण भविष्यकाळाच्या रूपात बोलतो. इटालियन माणूसही तसेच बोलतो. डोळ्यांसमोर नसलेल्या माणसांचा वर्तमानकाळ हा भविष्यकाळातच सांगावा लागतो. आमची ही दुपारी घड्याळ पाहून म्हणायची, “आत्ता उठली असेल. आत्ता डबा भरत असेल.” उन्हाळ्यात साडेतीन तास आणि हिवाळ्यात साडेचार तास वजा करण्याचे गणित तिने कुणाकडून शिकले, हे मी कधी विचारले नव्हते. मार्च संपताना तिकडली घड्याळे तासभर पुढे करतात, हे मला पुस्तकात कळले. तिला ते 2014 पासून माहीत होते.

मग आला आज्ञार्थ. हा धडा मी विश्रांतीचा म्हणून धरला होता. आज्ञार्थ म्हणजे माझे घरचे मैदान! पण पहिल्याच ओळीवर अडखळलो. आज्ञार्थात ‘मी’ला रूपच नाही. माणूस जगाला हुकूम सोडू शकतो, स्वतःला नाही. दुसरे म्हणजे, घरच्या माणसाला ‘थांब’ म्हणायचे तर आस्पेत्ता, आणि परक्या, मानाच्या माणसाला ‘थांबा’ म्हणायचे तर आस्पेत्ती. हे मानाचे रूप आज्ञार्थाचे नाहीच मुळी. ते इच्छेच्या आणि शंकेच्या खात्यातून उसने आणलेले आहे. आपणही तेच करतो की! ‘इकडे बस’ हा आज्ञार्थ, ‘इकडे बसावे’ हा विध्यर्थ. मान द्यायचा तर हुकूम सोडून इच्छेकडे जावे लागते. मी साहेबांशी जन्मभर विध्यर्थात बोललो आणि घरात आज्ञार्थात. मुलीशी तर नक्कीच. अभ्यास कर. हळू बोल. एवढ्या लांब जाऊ नकोस.

आणि तिसरी ओळ. एकेरीत ‘नको’ म्हणायचे असेल, तर क्रियापद चालवतच नाहीत. मूळ रूपापुढे नुसता ‘नोन’ लावायचा. नोन आस्पेत्तारे : थांबू नकोस, वाट पाहू नकोस. क्रियापद एरवी एकवीस काळांतून फिरते; इथे जागच्या जागी उभे राहते.

हे वाक्य मी मराठीत बोललेलो होतो. 2017 च्या फेब्रुवारीत मुलीचा फोन आला होता. “बाबा, तुमचा होकार येईपर्यंत आम्ही थांबतो,” ती म्हणाली. मी म्हणालो, “आमच्यासाठी थांबू नकोस,” आणि फोन ठेवला. मेमध्ये तिने लग्न केले. ‘बघा, थांबली का?’ असे मी पुढे सात वर्षे म्हणत आलो.

मी पुस्तक मिटून स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो. हिला म्हटले, “तेव्हा ती थांबली नाही, नाही का?”

ही भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “थांबली होती. तीन महिने. दर रविवारी विचारायची, बाबा काही म्हणाले का? तुम्ही ‘बरी आहेस ना’ म्हणून मोकळे व्हायचात.”

यावर मला काही बोलता आले नाही. बोललो असतो, थांबलो असतो, गेलो असतो, हा सारा पुढल्या धड्याचा भाग होता. त्याला आपण संकेतार्थ म्हणतो. आव्रेई आस्पेत्तातो : मी वाट पाहिली असती. हा काळ म्हाताऱ्या माणसांनी जपून वापरावा. त्यात एकदा शिरले की बाहेर पडायला रिक्षा मिळत नाही.

म्हणून मी परत त्या इच्छेच्या खात्यात गेलो. आशा आहे, भीती आहे, वाटते आहे, असे काही मनातले सांगायचे, की मागच्या क्रियापदाला इटालियनमध्ये हे रूप घ्यावे लागते. आणि वर्तमानकाळी ते काय आहे, तर : आस्पेत्ती, आस्पेत्ती, आस्पेत्ती. मी, तू, तो, तिघांचे एकच! आधी मला छपाईची चूक वाटली. मग लक्षात आले, की चूक नाही. हुकूम देताना आपण वेगवेगळ्या पायऱ्यांवर उभे असतो. आशेच्या आणि शंकेच्या बाबतीत बाप, मुलगी आणि जावई एकाच पायरीवर.

माझी परीक्षा पुढच्या उन्हाळ्यात झाली. परीक्षक वय वर्षे सहा. तिकडे सकाळचे साडेदहा, इकडे दुपारचे दोन. नातीने समोर पाटी घेतली होती आणि माझ्या प्रत्येक रूपापुढे ती खूण करीत होती, तीही लाल पेन्सिलीने. रक्तातच असावे. “नोन्नो, दोन त!” ती मला दोनदा ओरडली, कारण घाईत माझा एक ‘त्’ गळत होता. वर्तमान झाला, रीतिभूत झाला. मुलगी मागे उभी राहून कपड्यांच्या घड्या घालत होती. नातीने विचारले, “आता वाक्यात उपयोग.”

मी आधी ठरवलेले वाक्य होते, ‘मी बसची वाट पाहतो.’ निरुपद्रवी वाक्य, पुस्तकातले. पण तोंडातून निघाले ते वेगळेच. “वी आस्पेत्तो,” मी म्हणालो. ‘वी’ म्हणजे तुम्हा सर्वांना.

घड्या घालणारे हात थांबले. मराठीत हे वाक्य माझ्याने सात-आठ वर्षांत झाले नव्हते. मराठीत माझा मान, माझा आवाज, माझा भोंगा सगळे आडवे येत. इटालियनमध्ये तो नुसता स्वाध्याय होता; चुकला तर फार तर एक लाल खूण.

“बाबा,” मुलगी म्हणाली, “हे मराठीत कसं म्हणतात?”

मी घसा साफ केला. “तुम्ही यावं,” मी म्हणालो. “तिघांनीही. आम्ही वाट पाहतोय.” विध्यर्थ आणि मग स्वार्थ. बरोबर चालवले, असे मला वाटते.

ती काही वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “नाताळच्या सुट्टीत आलो, तर तोवर थांबाल?”

“आस्पेत्तेरो,” मी ऐटीत भविष्यकाळ टाकला. नातीने तत्काळ लाल खूण केली. जोर शेवटच्या ‘रो’वर द्यायचा असतो, मी तो मधेच दिला होता. तिने तीनदा म्हणवून घेतले, आणि मागे तिची आई हसत होती. डोळे पुसत होती, पण हसत होती. आणि माझी ही, जिला क्रियापदाचे एकही रूप पाठ नाही, ती फोनच्या कडेने डोकावून विचारत होती, “जावईबापूंना तिखट चालतं का गं?”

तिकिटे काढली आहेत. नाताळला अजून अवकाश आहे. मी संध्याकाळी गॅलरीत खुर्ची टाकून सृष्टी चौकाकडून येणाऱ्या रस्त्याकडे पाहत बसतो. विमान काही सृष्टी चौकात उतरणार नाही, हे मला समजते. पण क्रियापदाचा सराव राहिला पाहिजे. काल हिने आतून विचारले, “काय करताय तिथं?”

“वर्तमानकाळ चालवतोय.”

“मग तो चालता चालता गिरणीतून दळण आणा,” ती म्हणाली. “गिरणी आठला बंद होते. तो गिरणीवाला काही आस्पेत्ता करायचा नाही.”

रूप चुकले होते. मी लाल पेन्सिल काढली नाही. पिशवी घेतली आणि निघालो.